क्रियापद कडावला गेलं होतं

रेवा आणि ईशान,

हे लिहितेय तुमच्यासाठी, पण छापून येणार आहे आमच्या खोपोलीच्या दिवाळी अंकात. संपादकांनी कागद गिरणीतल्या नोकरीच्या ‘हृद्य आठवणी’ मागितल्या आहेत. त्या नोकरीत हृद्य असं फारसं नव्हतं. वाफ होती, भिजलेल्या चिंध्यांचा वास होता आणि टाइपरायटरचा ‘र’ अडकत होता. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. तिने मधले परिच्छेद गाळल्याचा संशय आला, तर मला फोन करा.

आत्ताच का, तर रेवामुळे. मागच्या रविवारी ती फोनवर रडकुंडीला आली होती. शाळेत स्पॅनिश घेतलंय, शब्दांच्या आठ जाती पाठ करायच्यात आणि त्या आठही जातींचा तिला मनापासून राग आहे. “आजी, टेबल ही मुलगी कशी असू शकते?” मी तिला स्पॅनिशमध्ये सांगितलं, टेबल मुलगी आहे, सवय होईल, आता जेवून घे. मग मागून तुमच्या आईचा आवाज आला, “आई, तू आत्ता कुठल्या भाषेत बोललीस?”

पोटच्या मुलीला जे माहीत नाही, ते एकदा लिहून ठेवलेलं बरं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, लग्न होऊन खोपोलीला आले आणि एका कागद गिरणीत पत्रव्यवहाराची कारकून म्हणून लागले. गिरणी आता नाही, म्हणून नावही सांगत नाही. आमच्या मालकांनी स्पेनमधल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं मशीन स्वस्तात उचललं. ते सुटं करून, पेट्यांत भरून बोटीनं आलं. ते जोडायला आणि शिकवायला एक फिटर आला. त्याचं नाव रामोन. दोन दिवसांत त्याचा रामभाऊ झाला. रामभाऊला स्पॅनिश यायचं. बस्, एवढंच यायचं.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. “बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. स्पॅनिश शिकून घ्या.”

“साहेब, ती वेगळी भाषा आहे.”

“अक्षरं तीच आहेत ना? मग?”

त्यांनी मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. ते इंग्रजांना स्पॅनिश शिकवण्यासाठी लिहिलेलं होतं. म्हणजे मी मराठी बाई, इंग्रज असल्यासारखी स्पॅनिश शिकणार. खोपोलीहून कर्जतला पनवेलमार्गे जाण्यासारखंच हे. पुस्तक फार सभ्य होतं. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं ही बातमी सांगण्यापूर्वी लेखकाने वाचकाला दोन पानं धीर दिला होता. मीही आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी आठवडाभर थक्क होत होते. टेबल स्त्रीलिंगी! काय ही भाषा! मग एके दिवशी जेवायला बसताना लक्षात आलं की माझ्याच घरात खुर्ची ती आहे, पाट तो आहे आणि टेबल बिचारं ते आहे. आपल्याकडे लिंगं तीन, त्यांच्याकडे दोन. म्हणजे आपल्याला सूटच. रेवा, तुझी अडचण ही आहे की तू इंग्रजीच्या खिडकीतून बघतेस. मराठीच्या दारातून जा, निम्मी भाषा घरचीच निघेल.

बाकी ते पुस्तक निरुपयोगी होतं. कर्नलच्या बहिणीची छत्री बागेत आहे, हे मी घडाघडा म्हणू शकत होते. आमच्या गिरणीत कर्नल नव्हता, त्याची बहीण नव्हती आणि छत्र्या चोरीला जात असल्यामुळे कुणी त्या बागेत ठेवत नव्हतं. कामाचं स्पॅनिश मी रामभाऊच्या मागे फिरून, एकेका वस्तूवर बोट ठेवून वहीत उतरवलं.

आता मशीनबद्दल थोडं. एका टोकाला ताकासारखा पातळ लगदा जाळीवर पडतो. पाणी खाली गळतं, वर साय उरते. ती साय दाबरुळांमधून जाते, मग वाफेने तापलेल्या मोठमोठ्या सिलिंडरांना वळसे घालत सुकते आणि दुसऱ्या टोकाला कागद म्हणून गुंडाळली जाते. मधे कुठे कागद तुटला, तर त्याचं टोक धरून पुन्हा सगळ्या सिलिंडरांमधून ओवावं लागतं. मशीन चालू असताना, हाताने. सुईत दोरा ओवण्याचाच प्रकार, फक्त ही सुई फिरते आणि हात खाते. शिवाय मशीनला दोन बाजू. एका बाजूला माणसं काम करतात, दुसऱ्या बाजूला चाकं, पट्टे आणि थांबवायचे खटके. मधल्या लोखंडामुळे पलीकडचं दिसत नाही. ओरडलं तरच कळतं. शिकवणी चालू असेपर्यंत खटक्यांपाशी रामभाऊ उभा राहणार, असं ठरलं होतं. म्हणजे ओरडायचं ते त्याच्या भाषेत.

आणि हे सगळं शिकायचं होतं ते बदली कामगारांना. आज काम आहे, उद्या नाही, अशी ती माणसं. साहेबांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, “हा गोरा दिवाळीच्या आत परत जाणार. तोवर मशीन तुमच्या हातात बसलं आणि मुंबईची मालकमंडळी चाचणी बघून खूश झाली, तर तुम्हाला कायम करू. नाहीतर मुंबईहून शिकलेली माणसं आणू.”

कायम हा शब्द त्या काळी काय होता, ते तुम्हाला तिथे बसून कळणार नाही. कायम झालेल्या माणसाला मुलगी मिळे, दुकानात उधारी मिळे, आजारी पडायची परवानगी मिळे.

मी कॅन्टीनमध्ये वर्ग घेतला. फळ्यावर ‘शब्दांच्या जाती’ असं लिहिलं. मागून आवाज आला, “जातींचं काय काढलंत, बाई? पोटापान्याचं बोला.” हा तुकाराम, कडावचा. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि आवाज असा की लगदाघरातून हाक मारली तर गेटवरचा वॉचमन उठून उभा राहायचा. “हाय ती मराठी धड येत न्हाय आमाला. सायबाची भाषा कवा शिकायची?”

त्याचं बरोबर होतं. वेळ थोडा, भाषा मोठी. तेव्हा मला ती कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली सर्वांत व्यवस्थित कल्पना. गिरणीत कुणी एकच माणूस कागद करत नाही. लगदा एकाचा, वाफ दुसऱ्याची, रीळ तिसऱ्याचं. मग एका माणसाने सबंध भाषा का शिकावी? मी भाषा वाटून टाकली.

नामं दिली स्टोअरच्या नानांना. नाना जुने, कायम झालेले. त्यांचं सगळं आयुष्य नामांतच गेलेलं. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टा. क्रियापदं तुकारामाला, आवाजामुळे. आवळ, सोड, चालव, थांबव. विशेषणं शेवंताला. शेवंता लोधिवलीची. कागद निवडायच्या खोलीत कंत्राटदाराकडे रोजावर होती. बोटांनी कागद चाचपून ओला, सुका, जाड, विरळ सांगायची, म्हणून तिला रिळापाशी आणून उभी केली होती. सर्वनामं कुणालाच दिली नाहीत. बोट दाखवलं की काम भागत होतं. केवलप्रयोगी अव्ययं शिकवावी लागली नाहीत. रामभाऊ हातावर हातोडी मारून घ्यायचा तेव्हा ती सगळ्यांनी आपणहून उचलली.

उरली वर, खाली, आत, पण, कारण, जर. ही उरलेली अव्ययं मी भीमरावला दिली.

भीमराव मॅट्रिक झालेला, लोधिवलीचाच. रोज वर्तमानपत्र वाचून यायचा आणि आम्हा सगळ्यांना नापास करायचा. तो शांतपणे उभा राहिला. “बाई, माझ्या बापानं छप्पन्न साली धम्म घेतला आन त्या दिवसापास्नं गावकीचं वाटून दिलेलं काम सोडलं. तुमी मला परत वाटून दिलेलं काम देताय.”

“अरे, ही भाषा आहे.”

“गावातबी आसंच सांगत. ही रीत हाय, म्हनून. आन वाटनी बघा. बोलायचं काम तुकारामाला, उरलंसुरलं आमाला.”

वर्ग हसला. तुकाराम सगळ्यांत मोठ्याने हसला. “घे रं माझं क्रियापद, आन दे तुझी अव्ययं. घसा तरी वाचंल माझा!”

मी म्हटलं, “भीमराव, उभयान्वयी अव्ययाशिवाय दोन वाक्यं एकत्र येत नाहीत.”

“ठावं हाय. जोडायचं काम आमच्याकडंच आसतंय,” तो म्हणाला आणि बसला. पण ‘पेरो’, म्हणजे ‘पण’, हा शब्द त्याने असा पकडला की रामभाऊने काहीही सांगितलं की पहिला आवाज त्याचा, “पेरो...!” रामभाऊ त्याला मान देऊन थांबायचा. मॅनेजरसाहेबांना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

आणि ती व्यवस्था चालली! सिलिंडरखालचा स्क्रू ढिला झाला की एका टोकाकडून नाना ओरडत, “तोर्निय्यो!” म्हणजे स्क्रू. भीमराव, “आबाखो!” खाली. शेवंता, “फ्लोखो!” ढिला. मग तुकारामाची गर्जना, “आप्रिएता!” आवळ! चार तोंडांतून एक वाक्य पूर्ण व्हायचं आणि पलीकडून रामभाऊ पाना घेऊन धावायचा. एकदा मुंबईचे कुणी हिशेबतपासनीस आले होते. त्यांना वाटलं कामगारांत मारामारी जुंपली आहे. ते ऑफिसात जाऊन दार लावून बसले.

शेवंताचं मला नवल वाटे. नामाप्रमाणे विशेषण बदलतं, हे समजवायला माझ्या पुस्तकाने सहा पानं आणि एक तक्ता घेतला होता. मी तो तक्ता फळ्यावर काढत होते. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “म्हंजे वला टावेल, वली चादर, वलं फडकं. त्येच ना? मंग त्याला चौकटी कशाला आखताय, बाई?” मी तक्ता पुसला.

रामभाऊही रुळला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी त्याला फार आवडे. जेवणाच्या सुट्टीत तो शेवंताच्या डब्याभोवती घोटाळायचा. “बस रं बाबा, मांजरावानी फिरू नगंस,” असं म्हणून ती त्याला अर्धी भाकरी काढून द्यायची. त्यालाही ते कळायचं. माझं स्पॅनिश त्याला इतक्या लवकर कधी कळलं नाही.

चाचणीचा दिवस दिवाळीच्या तोंडावर आला. मुंबईहून दोन मोटारी भरून मंडळी आली. गेटवर तोरण, साहेबांच्या कोटाला गुलाब. आणि तुकारामाचा पत्ता नाही. कडावहून दूधवाल्याबरोबर निरोप आला. परतीच्या पावसानं भात आडवं झालंय, आज कापलं नाही तर खाचरातच मोड येतील, उद्या येतो.

मी साहेबांकडे धावले. “साहेब, क्रियापद कडावला गेलंय.”

“कोण गेलंय?”

“क्रियापद. म्हणजे तुकाराम. भात कापायला.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी करा क्रियापद!”

“दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही ना, साहेब.”

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याला कुठल्याच भाषेत शब्द नसावा. मग गुलाब नीट करून म्हणाले, “मशीन व्यवस्थित चाललं तर बोलायची वेळच येणार नाही. तुम्ही पाहुण्यांपाशी थांबा आणि हसतमुख राहा.”

मशीन व्यवस्थित चाललं. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत चाललं. मग सिलिंडरांमध्ये कागद तुटला. त्यात विशेष काही नव्हतं, कागद तुटायचाच. खरी परीक्षा तो पुन्हा ओवण्याचीच होती. टोक ओवायचं काम तुकारामाचं, पण तो नव्हता, म्हणून भीमराव पुढे झाला. त्याने टोक धरलं, पहिल्या सिलिंडरवरून नेलं, दुसऱ्यावरून नेलं. पाहुणे कौतुकाने बघत होते. मी हसतमुख होते. तिसऱ्यापाशी त्याच्या शर्टाची बाही सिलिंडर आणि त्यावर कागद दाबून धरणाऱ्या जाड ब्लँकेटच्या फटीत गेली.

त्याने आवाज केला नाही. फक्त तो पुढे वाकला आणि वाकतच गेला. आम्हाला वाटलं, नीट बघायला वाकतोय.

“पारा!”

शेवंता. तिच्या हातात रिळाजवळचा ओला तुकडा होता, तो तिने तसाच टाकला. “रामभाऊ, पारा! देन्त्रो, मानो! पारा मेल्या, पारा!”

थांबव. आत, हात. थांबव. पहिला शब्द तुकारामाचा, दुसरा भीमरावचा, तिसरा मी फक्त नानांना शिकवलेला. ‘मेल्या’ तेवढा तिचा स्वतःचा.

पलीकडे खटका पडला. मशीन कुरकुरत थांबलं. रामभाऊ लोखंडाखालून सरपटत इकडे आला आणि त्याने व शेवंताने मिळून भीमरावचा हात बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला, सोललेला. पण पाचही बोटं हलत होती. भीमरावाने ती एक एक करून हलवून बघितली आणि मग खाली बसला.

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघून विचारलं, “मशीन कुणाच्या हुकमाने थांबवलं?”

शेवंता पदर खोचत म्हणाली, “माझ्या.”

रामभाऊ बोलायला लागला. तो बराच वेळ बोलला आणि मी भाषांतर करत गेले. त्याचं म्हणणं असं, की चालू मशीन कुणीही बघत बसतं, ते थांबवायचं कधी हे ज्यांना कळतं त्यांनाच तो मशीन देतो. ही माणसं तयार आहेत. मधे त्याने पाहुण्यांच्या घड्याळाबद्दल एक वाक्य टाकलं. त्याचं भाषांतर मी केलं नाही. ते केवलप्रयोगी होतं.

भीमराव दवाखान्यातून हात बांधून आल्यावर मी त्याला विचारलं, शेवंताला क्रियापदं कशी आली? तो हसला. “बाई, तुमी वाटन्या केल्या. आमी बांध कवाच फोडले. येता-जाता टेंपोत काय गप बसतो व्हय? मला क्रियापदं येतात, तिला नामं येतात. तुकारामालाबी ‘पेरो’ शिकवलाय. बायकूसंगं वापरतो तो.”

तर असं. भाषा मी गावासारखी वाटून दिली होती आणि माझे विद्यार्थी तेवढे शहाणे निघाले.

दिवाळीनंतर कायम केल्याची पत्रं निघाली. ती मीच टाइप केली. भीमराव, तुकाराम (भातासकट माफ) आणि त्या पाळीवरचे सगळे बदली. शेवंताचं नाव यादीत नव्हतं. मी साहेबांना विचारलं.

“ती मशीनची नाही, बाई. ती कंत्राटदाराची.”

“मशीन तिने थांबवलं, साहेब.”

“हात लावून?”

“तोंडाने.”

“मग झालं तर! तोंडाला कायम करायची तरतूद नाही.” स्वतःच्या विनोदावर ते खूश झाले. “तुमचं काम भाषेचं. भाषेतच राहा.”

शेवंताला सांगायला मी निवडायच्या खोलीत गेले. तिने कागदावरची बोटं थांबवली नाहीत. “त्यांची झाली ना? भीमरावची झाली? मंग बास. त्याच्या घरी चार पोरं हायेत.” पुढचा कागद उचलून म्हणाली, “माज्याबी हायेत की, पर ते जाऊद्या.”

मी भाषेतच राहिले. तिच्या नावाचं एक पत्र टाइप केलं आणि सह्यांच्या फायलीत ठेवलं. ते लाल रेघ मारून परत आलं. पुढच्या महिन्यात नवं टाइप करून ठेवलं. तेही आलं. मग ती रीतच पडली. पगाराची पत्रकं, मालाच्या पावत्या आणि शेवंताचं पत्र. साहेब बदलले, दुसरे आले, त्यांनीही रेघा मारल्या. एकजण म्हणाले, “बाई, तुम्हाला कंटाळा येत नाही?” मी म्हटलं, “मला टाइप करायचाच पगार मिळतो, साहेब.”

शेवटी काम झालं ते माझ्या चिकाटीने नाही, भीमरावमुळे. तो युनियनचा सेक्रेटरी झाला होता. पुढच्या कराराच्या बैठकीत मालकांनी दहा गोष्टी मान्य केल्या, की तो भाजलेला हात टेबलावर ठेवून म्हणायचा, “समदं कबूल, पण...” आणि दर वेळी त्या ‘पण’नंतर शेवंताचं नाव. बैठक मोडायची, पुन्हा बसायची. अखेर निवडायच्या खोलीतल्या सगळ्या बायका गिरणीच्या पटावर आल्या. शेवंताची नेमणूक मशीनवर झाली, रिळापाशी. तोवर तिची थोरली मुलगी लग्नाला आली होती. उशीर झाला तो झालाच. त्याची भरपाई कुणी दिली नाही.

रामभाऊ परत गेल्यावर त्याची दोनतीन कार्डं आली, मग बंद झाली. तुकाराम गेला. भीमराव मुलाकडे असतो, ऐकू कमी येतं. गिरणी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली आणि मशीन भंगारवाल्याने कापून नेलं. माझ्या स्पॅनिशमधलं उरलंय ते रेवाने फोनवर ऐकलंच.

शेवंता लोधिवलीत आहे. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे. कायम होती म्हणून तिला फंडाचं पेन्शन बसलं. थोडं आहे, पण महिन्याच्या महिन्याला येतं, आणि ते काढायला ती स्वतः बँकेत जाते.